अंगकोरला तीन दिवस द्यावेत का? आई-बाबांना घेऊन कंबोडियाला निघालेल्यांसाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. फेब्रुवारीत व्हिएतनामला जोडून तुम्ही सिएम रीपला, म्हणजे अंगकोर वाट आणि आसपासच्या जुन्या देवळांजवळच्या गावाला, जाताय. हाताशी पूर्ण तीन दिवस आहेत. सोबत सत्तरीच्या आसपासचे आई-बाबा आहेत, आईंचे गुडघे दुखतात, आणि तेरा वर्षांची मुलगी आहे. एजंट म्हणतो अंगकोरला एक दिवस पुष्कळ झाला. घरातले म्हणतात, वेरूळ बघितलंय, मग तिथे वेगळं काय दिसणार? म्हणून तुम्ही विचारताय की तीन दिवस द्यावेत का आणि दिले तर काय, कुठल्या क्रमाने बघावं.

बरीच वर्षं मी मराठी मंडळींचे छोटे गट तिथे घेऊन जातो. त्या अनुभवावरून सांगतो, तुमची खरी अडचण दिवसांची नाही. एका दिवसात पाच देवळं बघणारा माणूस तिसऱ्या देवळापाशी सावलीत बसकण मारतो आणि म्हणतो, ‘तुम्ही जाऊन या.’ उन्हाचा आणि पायऱ्यांचा त्यात वाटा असतोच, पण मोठं कारण वेगळं आहे. नेहमीचे कार्यक्रम तिथल्या रस्त्यांवर बेतलेले असतात. एक छोटी फेरी, एक मोठी फेरी, वाटेत जे लागेल ते बघायचं. त्यामुळे बाराव्या शतकातून तेराव्यात, तिथून मागे दहाव्यात अशा उड्या होतात. गोष्टीचा धागाच हाती लागत नाही, आणि धागा नसला की दगड सगळे सारखेच दिसतात.

आपल्या लोकांची आणखी एक गोष्ट आहे. भिंतीवर कृष्ण-अर्जुन ओळखू आले की ‘अरे, हे तर आपलंच!’ असा आनंद होतो. तो खरा आनंद आहे, मलाही दर वेळी होतो. पण पुष्कळ जण तिथेच थांबतात. ओळख पटली म्हणजे बघून झालं, असं त्यांना वाटतं. खरं तर ओळख पटल्यावर बघायला सुरुवात करायची, म्हणजे ख्मेर, अर्थात कंबोडियातल्या, लोकांनी या कथांचं स्वतःचं असं काय केलं ते कळतं. तीन दिवस द्यायचे ते यासाठी.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच मान्य करतो. आईंना पंधरा-वीस पायऱ्या कठडा धरून चढता येतात का, यावर अर्धा कार्यक्रम ठरेल. फेब्रुवारीत सकाळ सुखद असते, पण अकरानंतर ऊन चढतं, म्हणून दुपारी अकरा ते तीन हॉटेलवर विश्रांती धरूनच मी सगळं आखतो. आणि मुलीला महाभारत-रामायणातल्या गोष्टी माहीत असतील तर तिला मोठ्यांपेक्षा जास्त मजा येईल. माहीत नसतील तर जाण्याआधी समुद्रमंथन, भीष्मांची शरशय्या आणि खांडववन दहन एवढ्या तीन तरी सांगून ठेवा.

आता क्रम. मी काळाच्या क्रमाने नेतो आणि सुरुवात रोलुओसपासून करतो. सिएम रीपच्या पूर्वेला साधारण तेरा किलोमीटरवर ही तीन देवळं आहेत आणि एका दिवसाच्या कार्यक्रमात ती हटकून वगळली जातात. गोष्ट मात्र इथूनच सुरू होते. सन ८०२ मध्ये दुसऱ्या जयवर्मन राजाने कुलेन डोंगरावर स्वतःला चक्रवर्ती म्हणून अभिषेक करवून घेतला. हे आपल्याला कळतं ते अडीचशे वर्षांनंतर कोरलेल्या एका शिलालेखातून. त्याच्या पुढच्या पिढ्यांतला इंद्रवर्मन रोलुओसला राज्य करत होता. त्याने तीन कामं केली. प्रजेसाठी इंद्रतटाक नावाचा प्रचंड जलाशय बांधायला घेतला. ८७९ मध्ये पूर्वजांसाठी प्रेअ को हे देऊळ उभारलं. आणि ८८१ मध्ये स्वतःच्या राज्याचं देऊळ म्हणून बाकोंगचा पायऱ्यापायऱ्यांचा पिरॅमिड रचला. पाणी, पूर्वज आणि मेरू पर्वत. पुढची तीनशे वर्षं बहुतेक मोठ्या राजांनी हाच नकाशा आणखी मोठा करत नेला. हे एकदा डोक्यात बसलं की अंगकोर वाट बघताना गोंधळ होत नाही. तिथला खंदक म्हणजे मेरूभोवतीचा समुद्र आणि मधली पाच शिखरं म्हणजे मेरूची शिखरं, हे आपोआप दिसू लागतं.

बाबांना बांधकामाची आवड असेल तर त्यांना एक गोष्ट जरूर दाखवा. इथल्या पायात आणि कुसाच्या भिंतींत जागोजागी जांभा वापरलाय. कोकणात घरं बांधतात तसलाच लालसर, छिद्राछिद्रांचा. नक्षी मात्र वालुकाश्मावर, आणि तो कुलेनच्या डोंगरातून कालव्यांवाटे आणलेला. खऱ्या कमानी इथल्या कारागिरांनी बांधल्याच नाहीत. दगडाचा एकेक थर पुढे सरकवत छत मिटवायचं, अशी त्यांची पद्धत. म्हणून एवढ्या अफाट देवळांतही आतल्या जागा अरुंद असतात आणि रुंद सभामंडप कुठे सापडत नाही. पहिल्या दिवशी उतरत्या उन्हात एवढंच करा. बाकोंगच्या पायऱ्या आईंनी नाही चढल्या तरी चालेल, तो पिरॅमिड खालूनच छान कळतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर बांतेय स्रेई. माझ्या मते आख्ख्या कंबोडियात कोरीवकाम बघायचं तर हे एक देऊळ बघावं. अंगकोर थोम या जुन्या तटबंद नगरापासून ते साधारण पंचवीस किलोमीटर ईशान्येला आहे. ९६७ मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. ते राजाने बांधलेलं नाही. यज्ञवराह नावाच्या विद्वान ब्राह्मणाने ते उभं केलं आणि तो पाचव्या जयवर्मनचा गुरू होता. देऊळ शंकराचं, त्रिभुवनमहेश्वर या नावाने. उंची कमी, जमीन जवळजवळ सपाट, त्यामुळे आईंना इथे काहीच त्रास नाही. गुलाबी दगडावर इतकी खोल आणि बारीक नक्षी आहे की लाकूडकामाचा भास होतो.

घरातल्यांच्या ‘वेरूळ बघितलंय’ या म्हणण्याचं उत्तर इथेच मिळतं. दक्षिणेकडच्या छोट्या ग्रंथागाराच्या पूर्वेकडच्या त्रिकोणी पटलावर रावण कैलास हलवतोय. वेरूळच्या कैलास लेण्यातला तोच प्रसंग आठवा. तिथे रावण खाली खोल अंधारात बसलाय, दगड पोखरून त्याच्याभोवती सावली निर्माण केलीय आणि सगळं नाट्य त्या खोलीत आहे. बांतेय स्रेईच्या कारागिराला खोली नकोच आहे. त्याने कैलास पर्वत पायऱ्यापायऱ्यांचा दाखवलाय. खालच्या टप्प्यावर भेदरलेले प्राणी, वरच्या टप्प्यांवर ऋषिमुनी आणि शंकराचे गण, आणि सगळ्यात वर शंकर, त्याला बिलगलेली पार्वती. हा कैलास म्हणजे काल पाहिलेला बाकोंगच! आपल्या डोळ्यांसमोरचा डोंगर त्याने आपल्या देवळाच्या आकारात पाहिला. दोन्ही थोर आहेत, पण बघण्याची नजर पूर्ण वेगळी आहे, आणि वेरूळ पाहिलेल्या माणसाला ती जास्त चांगली कळते. तेव्हा वेरूळ पाहिलं असणं हे तिथे जायचं कारण आहे, न जायचं नव्हे.

उत्तरेकडच्या ग्रंथागारावर खांडववन दहन आहे. इंद्राचा पाऊस तिरक्या सरळ रेषांनी दाखवलाय, त्याच्याखाली बाणांचं छत, खाली कृष्ण-अर्जुन आणि सैरावैरा धावणारे प्राणी. पाऊस दगडात कसा कोरायचा, या प्रश्नाचं इतकं साधं उत्तर मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. मुलीला आधी काही न सांगता ‘या रेषा कसल्या असतील?’ एवढंच विचारा. १९३०च्या दशकात आँरी मार्शाल या फ्रेंच वास्तुतज्ज्ञाने हे देऊळ दगड न् दगड सुटा करून पुन्हा जुळवलं. ही पद्धत तो जावा बेटावर डच लोकांकडून शिकून आला होता. त्याआधी, १९२३ मध्ये, आंद्रे मालरो हा फ्रेंच लेखक इथली शिल्पं चोरून नेताना पकडला गेला होता. हाच पुढे फ्रान्सचा सांस्कृतिक मंत्री झाला.

परतीच्या वाटेवर प्रेअ दाक गावात गाडी थांबवा. रस्त्याच्या कडेला मोठमोठ्या कढयांत ताडाचा रस आटवत असतात. तो ताडगूळ ताडाच्या पानांत बांधून मिळतो. भातशेती आणि शेताच्या बांधाबांधावर उभे ताड, हेच मध्य कंबोडियाचं खरं चित्र आहे. पोस्टकार्डवरच्या देवळांइतकंच तेही नीट बघावं असं मला वाटतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंगकोर वाट. याला मी पूर्ण सकाळ देतो आणि एक गोष्ट ठामपणे सांगतो, सूर्योदयासाठी पश्चिमेच्या तळ्याकाठी जाऊ नका. पहाटे चारला उठून, हजारो लोकांच्या गर्दीत उभं राहून, ज्येष्ठ माणसं सात वाजेपर्यंत दमून गेलेली असतात, आणि खरं बघायचं अजून सुरूही झालेलं नसतं. अपवाद एकच, मार्चमधल्या विषुवदिनाच्या सुमाराचा. तेव्हा पश्चिमेच्या वाटेवरून सूर्य बरोबर मधल्या शिखरावर उगवताना दिसतो. तुम्ही फेब्रुवारीत जाताय, तेव्हा साडेसहा-सातला पूर्वेच्या बाजूने आत जा. गाइडला तसं आधीच सांगून ठेवा. झाडीतून जाणारी कच्ची वाट आहे, माणूसकाणूस नसतं.

दुसऱ्या सूर्यवर्मनने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात हे देऊळ विष्णूसाठी बांधलं. बाहेरचा कोट साधारण एक किलोमीटर लांब आणि आठशे मीटर रुंद, त्याच्याबाहेर १९० मीटर रुंद खंदक. बहुतेक ख्मेर देवळं पूर्वाभिमुख असतात, हे पश्चिमेकडे तोंड करून आहे. भिंतींवरच्या कथाही प्रदक्षिणेच्या उलट दिशेने पुढे सरकतात. त्यामुळे हे राजाचं मृत्युस्मारकही असावं, असं काही अभ्यासक मानतात.

पूर्वेने आत गेलात की डाव्या हाताला, म्हणजे पूर्वेच्याच ओवरीच्या दक्षिण भागात, समुद्रमंथन आहे. जवळपास ४९ मीटर लांबीची एक सलग भिंत, तिच्यावर ९२ असुर, ८८ देव आणि मध्ये विष्णू. सकाळचं कोवळं ऊन खांबांमधून थेट त्यावर येतं. इथे घाई करू नका. वासुकीला धरलेले हात, ताणलेली मांडी, एकच मुद्रा शंभरेक वेळा, आणि तरीही कंटाळा येत नाही, कारण त्या पुनरावृत्तीतूनच जोर जाणवतो. विष्णूच्या पायाखाली माशांचे, मगरींचे तुकडे होताहेत, वर अप्सरांचे थवे उडताहेत. देवांच्या रांगेच्या अगदी टोकाला वासुकीची शेपटी धरून एक मोठा वानर उभा आहे. आपण ऐकलेल्या कथेत तो नाही. ख्मेर कलावंताला तो तिथे हवासा वाटला. अशा जागा शोधा.

तिथून दक्षिणेच्या ओवरीत वळलात की ३७ स्वर्ग आणि ३२ नरक लागतात. यमाजवळ चित्रगुप्त बसलाय, खाली दंड भोगणारे. आईंना हा भाग फार आवडेल, आमच्याबरोबरच्या सगळ्या आज्या इथे रेंगाळतात. पुढे सूर्यवर्मनची मिरवणूक आहे. हत्तीवरच्या राजाभोवती पंधरा छत्रं आहेत, आणि सैन्याच्या पुढच्या भागात सयामी, म्हणजे आजच्या थायलंडकडची, तुकडी. ती बाकीच्यांसारखी शिस्तीत चालत नाही, वेषही वेगळा. हे कोरलं गेलं तेव्हा सयामी लोक ख्मेर राजाच्या पदरी होते. पुढे १४३१ मध्ये सयामच्या आयुथायाने अंगकोर जिंकलं. मग कोपऱ्यावरून वळून पश्चिमेची ओवरी, तिथे कुरुक्षेत्र. कौरव डावीकडून, पांडव उजवीकडून येतात आणि मधोमध एकमेकांत घुसतात. शरशय्येवरचे भीष्म वरच्या बाजूला डावीकडे सापडतील.

मधल्या सर्वोच्च पातळीवर जाणारा जिना फार उभा आहे. आईंना नेऊ नका. तुम्ही आणि मुलगी जा. बारा वर्षांखालच्या मुलांना वर सोडत नाहीत, तिला हरकत नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आणि बौद्ध उपोसथाच्या दिवशी वरची पातळी बंद असते, तेवढी तारीख तपासून घ्या. बाहेर पडताना पश्चिमेच्या गोपुरात दक्षिणेकडे वळा. तिथे आठ हातांची मोठी विष्णुमूर्ती आहे. स्थानिक लोक तिला ता रीच म्हणतात, तिला वस्त्रं नेसवतात, उदबत्त्या लावतात. ते स्वतः थेरवादी बौद्ध आहेत आणि त्यांना यात काही विसंगत वाटत नाही. हे देऊळ पुरातत्त्वाच्या ताब्यातली रिकामी वास्तू नाही, तिथे आजही पूजा होते. आपल्या लोकांना मी नेहमी सांगतो, मूर्तीपुढे माणसं बसलेली असतील तर फोटो थोडा वेळ थांबू दे.

त्याच दिवशी दुपारी तीननंतर अंगकोर थोम आणि त्याच्या मधोमध असलेलं बायोन हे देऊळ. इथे काळ बदलतो. ११७७ मध्ये चंपाच्या, म्हणजे आजच्या व्हिएतनाममधल्या एका राज्याच्या, सैन्याने अंगकोर लुटलं, असं परंपरेने मानलं जातं. ११८१ मध्ये सातवा जयवर्मन गादीवर आला. हा महायान बौद्ध. त्याने तीन किलोमीटर बाजूच्या चौकोनी तटात नवी राजधानी वसवली, आणि दरवाजांबाहेरच्या पुलांवर दोन्ही बाजूंना चौपन्न-चौपन्न देव आणि असुर नाग धरून उभे केले. सकाळी भिंतीवर दिसलेलं मंथन इथे रस्त्यावर उतरलंय आणि तुम्ही त्याच्या मधून चालत जाता. या राजाने राज्यभर १०२ आरोग्यशाळा चालवल्या, आणि त्याचा शिलालेख सांगतो की प्रजेचा आजार त्याला स्वतःच्या आजारापेक्षा जास्त दुखवत असे.

बायोनचे हसरे चेहरे सगळ्यांना माहीत असतात. माझं मत असं की खालच्या बाहेरच्या ओवऱ्या त्याहून मोलाच्या आहेत. बाजार, तराजू, कोंबड्यांच्या झुंजी, स्वयंपाक, होड्यांवरची लढाई आणि नावेखाली पोहणारे मासे. अंगकोर वाटच्या भिंतींवर देव आणि राजे आहेत, इथे माणसं आली. आईंना वर चढायची गरज नाही, सगळं उत्तम काम खालीच आहे. त्याच राजाने आईच्या स्मरणार्थ ११८६ मध्ये बांधलेलं ता प्रोम, म्हणजे झाडांनी विळखा घातलेलं देऊळ, उजेड उरला तर बघा. तिथल्या जतनाच्या कामात आपल्या पुरातत्त्व खात्याचा मोठा वाटा आहे.

आता तुम्ही विचाराल, या सगळ्यात निसर्ग कुठे? तोनले साप तळं. अंगकोर तिथे का उभं राहिलं याचं उत्तर त्या तळ्यात आहे. पावसाळ्यात मेकाँग इतकी फुगते की तोनले साप नदी उलटी वाहू लागते आणि तळं मूळच्या पाच-सहा पटींनी पसरतं. बुडालेल्या जंगलात मासे वाढतात, पाणी ओसरतं तसा गाळ मागे राहतो. भात आणि मासळी, दोन्ही या एका उलटसुलट प्रवाहावर. फेब्रुवारीत पाणी उतरलेलं असतं, त्यामुळे कांपोंग प्लुकसारख्या गावात उंच खांबांवरची घरं पूर्ण उघडी दिसतात. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला तिथे जा. एक विनंती, नावाडी वाटेत शाळेसाठी किंवा अनाथाश्रमासाठी तांदूळ विकत घ्यायला सांगेल, तर नम्रपणे नको म्हणा. मुलांना प्रेक्षणीय वस्तू करणारा तो धंदा आहे.

मुलीला आणखी एक गोष्ट जाण्याआधी सांगा, बेताच्या शब्दांत. १७ एप्रिल १९७५ ते ७ जानेवारी १९७९ या काळात ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेच्या राजवटीत सतरा ते वीस लाख माणसं उपासमारीने, आजाराने, हत्येने गेली. शिक्षक, भिक्षू, नर्तक यांना विशेष वेचून संपवलं. संध्याकाळी तुम्ही अप्सरा नृत्य बघाल ते वाचलेल्या मोजक्या गुरूंनी पुढे पोहोचवलंय. म्हणून जेवताना मागे चाललेला कार्यक्रम म्हणून ते बघू नका, जेवण नसलेल्या ठिकाणी तिकीट काढून बघा. तुमच्या गाइडच्या घरातही कुणी गेलेलं असू शकतं. आपण होऊन विचारू नका. तो बोलला तर ऐका.

बाकी व्यवहाराचं पटकन. तीन दिवसांचा पास ६२ डॉलर, एका दिवसाचा ३७. तीन दिवसांचा पास दहा दिवसांत कधीही वापरता येतो. दर बदलू शकतात, अधिकृत ठिकाणी बघूनच घ्या. नवा विमानतळ २०२३ मध्ये सुरू झाला. तो गावापासून तासाभराच्या अंतरावर आहे, पहिल्या दिवसाचा कार्यक्रम आखताना हे धरा. थायलंडच्या सीमेवर २०२५ मध्ये चकमकी झाल्या आणि जमिनीवरचे रस्ते बंद झाले. तुम्ही व्हिएतनामकडून विमानाने येताय म्हणून अडचण नाही, पण निघण्याआधी परराष्ट्र खात्याची सूचना वाचा. शाकाहारी असाल तर ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, मासळीचं पाणी म्हणजे ‘तुक त्रेय’ भाजीतही घालतात. ते नको, असं स्पष्ट सांगा. स्थानिक परवानाधारक गाइड घ्याच, आणि त्याला पहिल्याच दिवशी क्रम सांगा: रोलुओस, बांतेय स्रेई आणि तळं, मग अंगकोर वाट आणि बायोन. तो सवयीने छोट्या फेरीकडे वळवायला बघेल, तुम्ही ठाम राहा.

आणि काही कारणाने तीनाचे दोनच दिवस झाले तर रोलुओस आणि ता प्रोम सोडा, पण बांतेय स्रेई सोडू नका. एकच दिवस उरला तर सकाळी पूर्वेच्या बाजूने अंगकोर वाट, दुपारी हॉटेलवर झोप, चारला बायोनच्या खालच्या ओवऱ्या. आईंच्या गुडघ्यांचं नक्की कळलं की लिहा, गाडी कुठल्या दरवाजापर्यंत जाते आणि चालणं कुठे वाचतं ते त्याप्रमाणे सांगतो.